वाजतंय, वाजतंय

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. तुम्ही म्हणाल, तुम्ही — आणि न बोललेलं? बरोबर आहे तुमचं. रिक्षात बसले की स्वारगेट येईपर्यंत रिक्षावाल्याला माझ्या मोतीबिंदूची सगळी हकिकत पाठ झालेली असते. सुनेचा पगार भाजीवालीला माहीत आहे, आणि तो कुणाला सांगू नका म्हणून सुनेनं मला बजावलं होतं. अशी मी. तरी ही एक गोष्ट आत राहिली. राहिली कसली — ठेवली. आपोआप काय राहतं हो माणसाच्या आत?

तशी गोष्ट एका बटणाची आहे. भिंतीवरचं साधं बटण, पंख्याचं असतं तसं. ते दाबायचं होतं. मी दाबलं नाही.

झालं? एवढंच? एवढंच असतं तर सांगायला कशाला बसले असते! पण आधी आमच्या घरातल्या आवाजाबद्दल सांगायला हवं, त्याशिवाय तुम्हाला कळायचं नाही. सारवासारव म्हणून नाही सांगत. नुसतं ऐका.

माझे यजमान आणि माझे दीर, विनायकभाऊजी, या दोघा भावांचा स्पीकर भाड्यानं द्यायचा धंदा. दुकान शनिवार पेठेत. लग्न, मुंज, गणपती, निवडणूक, कुणाचा षष्ठ्यब्दी सोहळा — सगळीकडे यांचेच कर्णे. दुकान एवढंसं, त्यामुळे निम्मा माल आमच्या घरात. पलंगाखाली अँप्लिफायर, दाराआड वायरींची भेंडोळी. माझा मुलगा लहानपणी बेसच्या खोक्यावर दुपट्यात झोपायचा. सकाळी चहा टाकला की बाहेरून सुरू — हॅलो, चेक, चेक. कसलं चेक? रोज तेच माईक, रोज तेच गळे!

चाळीसएक वर्षं अशी आवाजात काढल्यावर दोघा भावांचे कान गेले. जाणारच. म्हणजे बघा, माझं सगळं आयुष्य ओरडण्यात गेलं. मी यजमानांशी हळू आवाजात काही बोलले, असं मला एकदाही आठवत नाही. लाडानं बोलायचं तरी शेजारच्या जिन्यापर्यंत जायचं. मग कुणी लाडानं बोलतं का?

पुढे धंदा आवरला, दुकान विकलं आणि कात्रजला एकाच इमारतीत दोन फ्लॅट घेतले. आमचा अगदी वरचा, भाऊजींचा तळमजल्यावर. त्यांचे गुडघे तेव्हाच गेले होते आणि आमच्या लिफ्टचं म्हणाल तर ती देवाच्या मर्जीवर चालते. भाऊजींनी लग्न केलं नाही. जेवण आमच्याकडचंच. मी डबा खाली पाठवते. त्यानंतर काही वर्षांनी हे गेले. मुलगा-सून वाकडला, त्यांच्या कंपनीजवळ. आणि मग, खरं सांगू का, घरात शांतता आली. हे गेल्याचं दुःख होतंच, नव्हतं असं कसं म्हणू. पण दुपारी जेवण झाल्यावर मी गॅलरीचं दार ओढून आडवी व्हायचे आणि घरात चक्क काही ऐकू यायचं नाही. त्या शांततेची मला चटक लागली. चटकच म्हणते मी.

आता पाण्याचं. आमच्या सोसायटीत पाण्याची बोंब. टँकर येतो, मागे घेताना कर्कश पीं-पीं करतो, अर्धं पाणी रस्त्यावर सांडतो आणि जातो. उन्हाळ्यात ठीक आहे म्हणा. पण त्या वर्षी जुलै संपत आला तरी टँकरच! आणि डोक्यावर ढग. काळे, भरलेले, कात्रजच्या घाटावरून येणार, आमच्या गच्चीवरून दिमाखात जाणार आणि पलीकडे कुठेतरी जाऊन पडणार. रोज. वैताग नुसता. मी तर गॅलरीतून ढगांना बोलायला लागले होते, अहो थांबा की, कुणाकडे एवढं जेवायला बोलावलंय तुम्हाला?

आणि अशातच भाऊजींच्या डोक्यात ते आलं. आवाजानं पाऊस पाडायचा.

कुठेतरी वाचलं होतं त्यांनी की बाहेरच्या देशात असे प्रयोग करतात. मी म्हटलं, झालं, म्हातारपणी हे राहिलं होतं. पण ते खुळे नव्हते हो. मला खाली बोलावलं, एक बेसचा स्पीकर जमिनीवर उताणा ठेवला आणि त्यावर ताटली. माझीच ताटली, डब्यावरची. तीत ओल्या बोटांनी थेंब शिंपडले आणि खर्जातला एक सूर लावला. कानाला जेमतेम लागेल, पोटात मात्र घुमेल असा. ते थेंब थरथरले. मग सरकायला लागले. एकमेकांत मिसळले, छोट्याचे मोठे झाले. भाऊजींनी ताटली जराशी कलती केली, तर मोठे थेंब घरंगळून खाली, बारीक मात्र तिथेच चिकटून.

"ढगात पाणी असतंच, वहिनी," ते म्हणाले. त्यांचं बोलणं नेहमी मोठ्यानं, समोरचा शंभर पावलांवर असल्यासारखं. "पण कण इतके बारीक की पडायला वजनच नाही. तरंगत बसतात. त्यांना हलवलं, एकमेकांवर आपटवलं, की जाड होतात. त्यांना पडायचंच असतं. कुणीतरी हलवायला हवं."

मी हे पाहिलं. माझ्या ताटलीत, माझ्या डोळ्यांनी. हे लक्षात ठेवा. मला कळत नव्हतं असं मला म्हणता येणार नाही.

मग भाऊजींनी बुधवार पेठेतून कसले कसले भाग आणले, पत्रेवाल्याकडून भलामोठा कर्णा करून घेतला आणि ते सगळं माणसं लावून गच्चीवर चढवून घेतलं. कर्ण्याचं तोंड आभाळाकडे. सोसायटीचे अध्यक्ष देवधर, बँकेतून निवृत्त झालेले. तोंडातून शब्द काढतात तो लिंबाच्या फोडीसारखा. त्यांनी कमिटीतर्फे परवानगी दिली. "एक पावसाळा. ढग असतील तेव्हाच. फक्त दुपारी, मुलांच्या अभ्यासाची वेळ सोडून. आणि पूर आला तर जबाबदारी तुमची."

फक्त दुपारी! पुण्यात राहून ज्या माणसाला दुपार ही आवाज करायची वेळ वाटते, त्याला अध्यक्ष कुणी केलं?

आता प्रश्न, चालू कोण करणार. भाऊजींना चार मजले चढवत नाही. वायर माझ्या गॅलरीत उतरवली, तिथे बटण बसवलं. भाऊजी खाली आवारात बाकावर बसणार, तिथून घाटाकडचं आभाळ स्वच्छ दिसतं. ढग मनासारखे आले की ते वर बघून हात हलवणार, मी बटण दाबणार. आणि वाजायला लागलं की मी हात वर करून सांगायचं. कारण त्यांना ऐकू येत नाही. जवळ असते तर खोक्यावर तळवा ठेवून त्यांना कळलं असतं. वायर सैल आहे का, बेस फाटतोय का, सगळं त्यांना तळव्यानं कळायचं. पण खाली बाकावर बसून काय कळणार? म्हणून मी. मी त्यांचे कान.

पहिल्या दिवशी दाबलं. खोटं नाही बोलत. दाबलं, आणि माझ्या मांडणीतल्या वाट्या किणकिणायला लागल्या. फडताळातली बरणी हळूहळू सरकत कडेला आली. भिंतीवरचा यांचा फोटो वाकडा झाला. हे गेल्यावर महत्प्रयासानं मिळवलेली माझी सगळी शांतता गेली, आणि पोटात घुमायला लागलं — हूंऽऽ — थांबायचं नाव नाही. तासभर. ढग आपले निघून गेले. दुसऱ्या वेळी तेच. तिसऱ्या वेळी मी दाबलं आणि मिनिटभरानं परत दाबलं. बंद.

आणि खाली बघितलं. भाऊजींनी मान वर केली. कानामागे हात नेला. "वाजतंय ना, वहिनी?"

मी हात वर केला. "वाजतंय, वाजतंय."

इतकं सोपं होतं ते. मला वाटलं होतं, छातीत काहीतरी होईल. काही झालं नाही. मी आत जाऊन आडवी झाले आणि मला छान झोप लागली. उठल्यावर चहाबरोबर त्यांना खाली चकल्या पाठवल्या. जास्तीच्या पाठवल्या, हेही सांगून टाकते.

मग पुढे रोजचंच झालं. ढग आले, ते हात हलवायचे, मी हात वर करायचे. बटणाला हातसुद्धा लावायचे नाही. मनात म्हणायचे, उद्या लावू. आज डोकं दुखतंय. आज पाहुणे येणार. आज ढग तरी कुठे तसे आहेत? अहो, तसेच होते! काळेभोर होते! चाळीस वर्षं मी स्वयंपाकघरातून आभाळ बघून वाळवणं उचलली आहेत, मला ढग कळत नाहीत?

भाऊजी मात्र त्या बाकावर बसून नेटानं बघत राहायचे. शेजारी सरळ कडेचा डबा, पाऊस पडला तर मोजायला. बुधवार पेठेत त्यांचा एक जुना दुकानदार मित्र आहे, त्याला मोबाईलवर विचारायचे, तिकडे पडला का? इकडे पडला आणि तिकडे नाही, तरच तो आपला, असं त्यांनी स्वतःच ठरवलेलं. एकदा चांगली सर आली. मला वाटलं, सुटले मी. आता होतील खूश. तर मित्राचं उत्तर आलं, इकडेही जोरात आहे. भाऊजींनी डबा ओतून टाकला. "हा आपला नाही, वहिनी." इतका सरळ माणूस! सगळी इमारत टाळ्या वाजवायला तयार होती, आणि हे म्हणतात, हा आपला नाही. तेव्हा तरी मला लाज वाटायला हवी होती की नको? मला राग आला. त्यांचाच. म्हटलं, घ्यायचा होता ना पदरात, संपलं असतं हे.

एकदा तर मी पकडलीच जाणार होते. देवधर बाकाशी थांबले आणि म्हणाले, "भाऊसाहेब, हल्ली आवाज येत नाही तुमचा. कमी केलात? उत्तम केलंत. ढगांनाही झोप हवी." मी शेजारीच होते, भाजीची पिशवी घेऊन. भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं, काय म्हणतात ते? त्यांच्या सगळ्या बोलण्यात मधे मी असतेच. लोक बोलतात, मी ते ओरडून त्यांना सांगते. मी ओरडले, "देवधर म्हणतायत, छान चाललंय!" भाऊजी हसले आणि त्यांनी देवधरांना नमस्कार केला. देवधरांना वाटलं असेल, बहिरा आहे बिचारा. आणि मी दोघांमध्ये उभी. कोथिंबीर सांभाळत.

त्यांना वाटलं, कर्ण्यात दोष असेल. कर्णा मोठा करून घेतला. वाटलं, सूर आणखी खाली न्यायला हवा. नेला. एक दिवस हट्टानं चार मजले चढून आले. प्रत्येक मजल्यावर बसत बसत, मी मागून ओरडतेय, अहो पडाल, भाऊजी, पडाल! गच्चीवर पोचले, खोक्यावर तळवा ठेवला, मला म्हणाले, लावा. त्या दिवशी गॅलरीत उतरून लावलं आणि परत वर आले. काय करणार? त्यांनी डोळे मिटले. चेहरा असा झाला — तरुणपणी गणपतीत पहिला कर्णा वाजला की व्हायचा तसा. "वाजतंय," ते म्हणाले. स्वतःशीच. आणि त्या दिवशी आभाळ कसं होतं म्हणता? निळंशार. एक ढग नाही.

त्यानंतरही मी लावलं नाही. हे मला स्वतःलाच समजत नाही. तो चेहरा बघूनसुद्धा नाही लावलं. तेव्हा झोपेचं म्हणा, वाट्यांचं म्हणा, ते सगळं सबबीपुरतं. आत काहीतरी दुसरं होतं. इतकी वर्षं तुम्ही वाजवलंत आणि मी ऐकलं, आता बटण माझ्या हातात आहे — असलं काहीतरी. असं होतं म्हणजे मी काय बाई असेन, याचा विचार मी करायचा टाळते. आज सांगतेय म्हणून केला.

गणपतीच्या आधी पार्किंगमध्ये सोसायटीची सभा झाली. टँकर, वर्गणी, मांडव कुठे, सगळं नेहमीचं. शेवटी भाऊजी उठले. काठीवर भार टाकून, त्यांच्या त्या मोठ्या आवाजात, माईकशिवाय. म्हणाले, "मंडळी, माझं चुकलं. पावसाळाभर वाजवून बघितलं. ढगांवर काही परिणाम झाला नाही. तुम्हाला त्रास झाला, माफ करा. उद्यापासून कर्णा काढतो."

मी बसले होते दुसऱ्या रांगेत. माझ्या मांडीवर पेढ्यांचा खोका. मला उठता आलं असतं. एक वाक्य होतं. अख्ख्या जन्मात जिला गप्प बसता आलं नाही, तिला नेमकं त्या वेळी बसता आलं.

आणि ते पुढे म्हणाले — मला वाटलं संपलं, तर नाही — म्हणाले, "आमच्या वहिनींनी एक दिवस चुकवला नाही. दुपारची झोप मोडून बटण सांभाळलं." मग देवधर उठले. कमिटीनं आधीच ठरवून ठेवलेलं असणार, कारण शाल आणि नारळ खुर्चीखालून निघाले. माझा सत्कार! चिकाटीबद्दल! आपल्याकडे कुठलीही सभा शाल-नारळाशिवाय संपत नाही, हे मला माहीत होतं. पण माझ्या खांद्यावर ती शाल घालायची होती? मी घालून घेतली. वाकून नमस्कारही केला. आवाज कमी केलाय, असंच सगळे धरून चालले होते; लोकांनी टाळ्या वाजवल्या. भाऊजींनी सगळ्यांपेक्षा जास्त वेळ वाजवल्या, कारण बाकीचे थांबल्याचं त्यांना कळलं नाही.

त्या नारळाच्या मी वड्या केल्या. वाटेल तर फेकून द्यायचा, नदीत सोडायचा, काहीतरी करायचं — पण नाही, वड्या केल्या. भाऊजींना आवडतात. त्यांनी खाल्ल्या.

खाताना म्हणाले, "सूर चुकला असणार, वहिनी. कान असते तर कळलं असतं मला. बहिऱ्या माणसानं आवाजाच्या फंदात पडूच नये."

हे ऐकलं आणि मी त्यांच्या वाटीत आणखी एक वडी ठेवली. कर्णा गेला, त्याचं काही नाही. लोक दोन दिवस हसले, तेही सोडा. पण या माणसाला आयुष्यात एकच गोष्ट येत होती. ती आपल्याला येत नाही असं त्यांनी माझ्यामुळे मानलं, आणि दोष दिला तो स्वतःच्या कानांना. कान तर शाबूत होते हो त्यांचे. वरच्या मजल्यावर होते. झोपले होते.

कर्णा भंगारवाल्यानं पाय देऊन चेपला आणि गाडीवर टाकला. भाऊजींचं एक कानाचं यंत्र होतं, नुसती खरखर ऐकवणारं; तेही त्यांनी डबीत घालून ठेवलं ते ठेवलंच. टीव्हीवर आवाजाचं काही आलं की हातानं उडवून लावतात, त्यात काही दम नाही म्हणतात. खालची पोरं कधी विचारतात, आजोबा, तुम्ही पाऊस पाडणार होता ना? ते हसून म्हणतात, आजोबा खुळे होते.

आणि पाऊस पडला असता का? मला माहीत नाही. कदाचित नसताच पडला. ढग केवढे उंच, कर्णा केवढासा. आवाजानं कुठे पाऊस पडतो, असं देवधर म्हणतात, ते बरोबरही असेल. पण ते आता कुणालाच कळणार नाही, ना मला, ना त्यांना. त्यांनी नीट मांडलेला प्रश्न होता, आणि मी तो विचारूच दिला नाही.

का नाही सांगितलं अजून? सुरुवातीला वाटायचं, सांगितलं तर परत चालू करतील. हसू नका, खरंच वाटायचं! मग वाटायचं, आता कर्णाच नाही, सांगून काय उपयोग. मग त्यांची तब्येत. मग माझी. रोज डबा भरताना काही ना काही सापडतं. डबा मात्र वेळेवर जातो.

परवा दुपारी ढग आले. घाटाकडून, तसेच काळे. मी गॅलरीत कपडे काढत होते. भाऊजी काठी टेकत आवारात आले आणि त्या बाकाशी उभे राहिले. कित्येक दिवसांनी. आभाळाकडे पाहिलं, मग वर माझ्याकडे.

"गडगडतंय का हो, वहिनी?"

गडगडत होतं. खरोखर गडगडत होतं, मांडणीतल्या वाट्या वाजाव्यात इतकं. मी कपडे खाली टाकले आणि हात वर केला. त्यांनी मान डोलावली आणि बाकावर बसून वर बघत राहिले.

हा हात खरा होता. खालून त्यांना तो तसाच दिसला असणार. बाकीच्या सगळ्यांसारखा.